घरातला हात आणि अंगणातली जागा

(आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी, लासलगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला चार शब्द बोलावेत असा निरोप घेऊन चिटणीसबाई आमच्या घरी आल्या, तेव्हा मी ओसरीवर कांदा निवडीत बसले होते. ‘‘विषय कोणताही घ्या, पण स्वयंपाकाचा नको, तो गेल्या वर्षी झाला,’’ असे त्यांनी मला बजावले. मी मान डोलावली. पण आज मी जे सांगणार आहे त्यात मोदक आहेत, करंजी आहे, आणि आपल्या गावचे बोलणे म्हटल्यावर कांदा तर आहेच. तेव्हा चिटणीसबाईंनी मला आधीच क्षमा करावी.

मी काही विदुषी नव्हे. पोरीबाळींना अक्षरे शिकवण्यात माझी उमर गेली. पण मागल्या मार्गशीर्षात माझ्या घरी असे काही घडले की, या वयात मला पुन्हा शिकावयास बसावे लागले. ते मनात ठेवण्यापेक्षा तुमच्यापुढे ठेवावे, म्हणून उभी राहिले आहे.

आरंभ कांद्यापासूनच करते. ८ डिसेंबर २०२३ रोजी सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ते दिवस आपण कोणी विसरलेल्या नाही. लिलाव थांबले, भाव कोसळला, आणि घरोघरी पुरुषमाणसे कपाळाला हात लावून बसली. पुढे ४ मे २०२४ ला बंदी उठली. पण मधल्या काळात, फेब्रुवारीच्या अखेरीस, काही मोजक्या देशांना थोडा थोडा कांदा द्यावा असे ठरले. बांगलादेशाला ५०,००० टन, बहारीनला ३,००० टन, आणि मॉरिशसला १,२०० टन. माझा पुतण्या एका व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहितो. त्याने हे आकडे वाचून दाखविले, तेव्हा मी विचारले, ‘‘अरे, मॉरिशस म्हणजे केवढेसे गाव, की त्याची सरकारने आठवण ठेवावी?’’

तो म्हणाला, ‘‘काकू, ते गाव नव्हे, देश आहे. आणि तिथे आपली मराठी माणसे आहेत.’’

मला ते खरे वाटले नाही. आपली माणसे मुंबई-पुण्यास जातात, हल्ली अमेरिकेस जातात. पण आफ्रिकेच्या पलीकडे समुद्राच्या मध्यावर कोण जाऊन बसले असेल? पुतण्याने मग पुस्तके आणून दिली, आणि मी चाळशी लावून वाचू लागले. जे कळले ते थोडक्यात सांगते.

मॉरिशस हे हिंदी महासागरातले एक लहानसे बेट. आपल्या एका नाशिक जिल्ह्यात तसली सात बेटे सहज मावतील. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. तिथे आधी डच आले, मग फ्रेंच आले, आणि १८१० साली इंग्रजांनी ते बेट घेतले. उसाचे मळे आणि साखरेचे कारखाने हाच तिथला मोठा उद्योग. आणि तो सारा गुलामांच्या पाठीवर उभा होता. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मग ऊस तोडावयास माणसे कोठून आणावी? मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ॲटलास नावाच्या जहाजातून ३६ मजूर तिथे उतरले, आणि पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून त्या बेटावर गेली. सर्वांत अधिक कलकत्त्याच्या बंदरातून, मग मद्रासेहून, आणि सर्वांत थोडी आपल्या मुंबईहून. ही मुंबईहून गेलेली माणसे मुख्यतः कोकणपट्टीतली होती.

त्यांच्याकडून करार लिहून घेत. इंग्रजीतल्या ‘ॲग्रीमेंट’चे आपल्या लोकांनी ‘गिरमिट’ करून टाकले. पाच वर्षांचा बांध, महिना पाच रुपये, वर शिधा म्हणून तांदूळ, डाळ, मीठ. एक दिवस कामावर खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापावयाचा, असा तिथला रिवाज होता. दुखणेपाईपणाला त्यात माफी फारशी नसे. पोर्ट लुई बंदरात ज्या धक्क्यावर ही माणसे उतरत, तिथे सोळा दगडी पायऱ्या आहेत. त्या चढून गेले की नाव, बापाचे नाव, गाव, वय, उंची, अंगावरची खूण हे सर्व वहीत लिहून घेत, एक क्रमांक देत, आणि मग माणसाची रवानगी या नाही तर त्या मळ्यावर होई. त्या जागेला आज ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. २००६ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान दिला. २ नोव्हेंबर हा दिवस त्या देशात सुटीचा असतो; पूर्वज आले त्याची आठवण म्हणून.

वहीत नाव लिहिताना आणखी एक गोष्ट घडली. कारकुनाला आपली घराणी आणि आडनावे काय ठाऊक? समजा सखाराम नावाचा एक गडी उतरला. त्याचे नाव कारकुनाला जसे ऐकू आले तसे त्याने इंग्रजी अक्षरांत लिहिले, आणि पुढच्या पिढीला तेच आडनाव झाले. अशा रीतीने खापरपणजोबांचे पाळण्यातले नाव तिथे घराण्याचे नाव होऊन बसले, आणि खरे आडनाव कोकणात राहिले.

आता सांगा, भगिनींनो, ज्याचे आडनाव गेले, गाव गेले, ज्याला परतीची वाट राहिली नाही, त्याचे मराठीपण किती दिवस टिकेल? मी तर म्हटले, दुसऱ्या पिढीला संपले असेल.

पण ते संपले नाही, आणि याची साक्ष द्यावयास मॉरिशसची एक बाई मागल्या मार्गशीर्षात माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. तिचा मुलगा तिकडे कांदा-बटाट्याचा व्यापार करतो. तो बाजार पाहावयास आला होता, आणि आईला त्र्यंबकेश्वराचे दर्शन घडवावे म्हणून बरोबर घेऊन आला होता. पुतण्याने त्यांना घरी जेवावयास आणले. साठी उलटलेली, सावळी, काटकुळी बाई. कपाळाला कुंकू आणि अंगावर साधी सुती साडी. मला वाटले कोकणातली एखादी विहीणच आली. पण बोलू लागली तेव्हा कळले की, मराठी तिला येत नाही. तिकडे घरीदारी क्रिओल बोलतात, ती फ्रेंचमधून निघालेली बोली. थोडी हिंदी तिला येत होती, बाकीचे माझी अकरावीतली नात इंग्रजीतून सांगत होती.

त्या दिवशी संकष्टी होती. चंद्रोदयाला मोदक व्हावयाचे होते. बाई पदर खोचून माझ्याबरोबर पाटावर बसल्या, आणि कणकेची पारी लाटून सुरेख मोदक वळू लागल्या. ‘‘आमच्याकडे आई असेच करी,’’ असे त्या हिंदीत म्हणाल्या. आता माझ्या जिभेला हाड नाही, हे तुम्ही जाणताच. मी म्हटले, ‘‘कोकणातले मोदक तांदळाचे आणि उकडीचे असतात. तुम्ही कोकणातल्या म्हणविता, आणि तळणीचे कसे करता?’’ बाईंचे हात थांबले. चेहरा उतरला. तेवढ्यात माझी नात म्हणाली, ‘‘आजी, आपण तरी कुठे उकडीचे करतो?’’

खरेच की! आपल्या देशावरचे मोदक कणकेचे आणि तळणीचे. मी स्वतः ते जन्मभर केले, आणि माझ्याइतक्याच निगुतीने मोदक करणाऱ्या बाईला मी परीक्षेला बसविले! आपण मात्र घरच्या म्हणून आपल्याला सर्व माफ.

नंतर आरती झाली. बाईंनी डोळे मिटले आणि समर्थांची गणपतीची आरती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खणखणीत म्हटली. आपण सर्वजणी जिथे घाईने पुटपुटतो, तिथेही त्यांचा शब्द सुटला नाही. माझी नात शेजारी उभी राहून टाळ्या वाजवीत होती. तिला आरती येत नव्हती. ओठ हलवीत होती एवढेच. पण पंगतीत बसल्यावर मी बाईंना ‘‘आणखी वाढू का?’’ असे विचारले, तर त्या गोंधळून नातीकडे पाहू लागल्या. मोदकाच्या प्रसंगाने मी शहाणी व्हावयास हवी होते. पण झाले नाही. मी म्हणून गेले, ‘‘आरती पाठ आणि मराठी येत नाही! मग तुम्ही मराठी कशा?’’

नातीने सांगावयास अनमान केला, पण बाईंना माझ्या सुरावरूनच उमगले असावे. त्यांनी पाणी घेतले, आणि सावकाश उत्तर दिले. नातीने ते मला मराठीत सांगितले. ‘‘माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. तिला जे द्यावयाचे होते ते तिने आमच्याकडून पाठ करून घेतले. अर्थ विचारला तर म्हणायची, तिकडे गेलात तर विचारा, तिकडच्यांना ठाऊक असेल. माझ्या देशात आम्हाला सगळेच ‘मराठा’ म्हणतात. तुम्ही मराठी कशा, हे मला तिथे आजवर कोणी विचारले नाही. इथे आल्यावर पहिल्यांदा ऐकले.’’

माझ्या घशाखाली घास उतरेना.

थोड्या वेळाने बाईंनीच वातावरण हलके केले. नातीला जवळ घेऊन त्यांनी विचारले, ‘‘मला एक सांग, दूर्वा एकवीसच का वाहतात? आजीने वाहावयास सांगितल्या, का ते सांगितले नाही.’’ नातीने माझ्याकडे पाहिले. मी देवाकडे पाहिले. शेवटी म्हणाले, ‘‘पूर्वीपासून तसेच आहे.’’ सात समुद्रापलीकडे चार पिढ्या ज्या उत्तराच्या भरवशावर राहिल्या, ते उत्तर लासलगावात माझ्याजवळ असे निघाले!

बाईंजवळ एक कागद होता. मॉरिशसमध्ये महात्मा गांधींच्या नावाची संस्था १९७० साली निघाली, तिथे त्या जुन्या वह्या जपून ठेवल्या आहेत. त्यातून बाईंनी आपल्या पूर्वजाची नोंद उतरून आणली होती. क्रमांक, नाव, बापाचे नाव, डाव्या भुवईवर व्रण. आणि गावाचे नाव. कोकणी गावाचे नाव इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेले. ते आम्ही चौघांनी चार तऱ्हांनी वाचले. पुतण्याने नकाशा काढला, तर त्या नावाशी जुळणारी तीन गावे निघाली. ‘‘तिन्ही गावांची माती घेऊन जाईन,’’ असे बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघाल्या.

त्या गेल्यावर मी विचार करीत राहिले. मराठीपण म्हणजे नेमके काय? ते भाषेत असते म्हणावे, तर या बाईंजवळ भाषा नाही आणि मराठीपण आहे. माझ्या नातीजवळ भाषा अस्खलित आहे, आणि आरती नाही. ते आडनावात असते म्हणावे, तर त्यांचे आडनाव वहीतच हरवले. मग ते इतकी वर्षे टिकले कशावर?

तेव्हा माझ्या वाचनात इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातल्या खाणकऱ्यांची हकीकत आली. ती सांगते, म्हणजे आपलीच गोष्ट निराळ्या आरशात दिसेल. कॉर्नवॉल हा इंग्लंडचा नैर्ऋत्य कोपरा. तिथे कथील आणि तांब्याच्या खाणी. तिथली जुनी भाषा इंग्रजीहून अगदी वेगळी. पण ती हळूहळू विझत गेली, आणि जन्मापासून ती बोलणारी शेवटची म्हणून प्रसिद्ध असलेली म्हातारी १७७७ साली वारली. पुढे १८६६ च्या सुमारास तांब्याचा भाव पडला, खाणी बंद पडल्या, आणि त्या लोकांनी देशोदेशी वाट धरली. भाव पडला म्हणजे घरात काय होते, हे लासलगावच्या बाईला कोणी समजावून सांगावयास नको. काही त्याच्याही आधी मेक्सिकोत गेले होते, काही दक्षिण ऑस्ट्रेलियात गेले, आणि काही आपल्याकडे म्हैसूर संस्थानात कोलारच्या सोन्याच्या खाणीवर आले. ती कोलारची खाण २००१ साली बंद झाली.

या खाणकऱ्यांच्या बायका नवऱ्याच्या डब्यासाठी एक पदार्थ करीत, त्याला पेस्टी म्हणतात. आपल्या करंजीची मोठी बहीणच समजा. पिठाची पारी, आत मांस, बटाटा, कंद, आणि कांदा तर हवाच. वर कडेला जाड मुरड घातलेली. काही ठिकाणी कोपऱ्यावर नवऱ्याच्या नावाचे अक्षर काढीत, म्हणजे खाणीत डब्यांची अदलाबदल व्हावयास नको. आज मेक्सिकोत त्या डोंगरी गावांत पेस्टीला ‘पास्ते’ म्हणतात. तिच्यात तिकडची मिरची भरतात, आणि विकणारे स्पॅनिश बोलतात. ऑस्ट्रेलियात मूंटा, कडीना आणि वॉलरू या जुन्या खाणींच्या गावी १९७३ पासून कॉर्नवॉलच्या नावाने मोठी जत्रा भरते. इतकेच नव्हे, विसाव्या शतकाच्या आरंभापासून ती विझलेली भाषाही काही लोकांनी पुस्तकांवरून पुन्हा शिकावयास घेतली. म्हणजे जिभेवरची भाषा गेली तरी हातातली मुरड राहिली. आणि मुरड राहिली म्हणून पुढे कोणाला तरी भाषेची आठवण झाली.

हेच मॉरिशसला झाले. कोकणातली जाखडी तिथे अजून गणेशोत्सवात नाचतात. गणपती घरोघरी बसतो, आणि वाजतगाजत नदीला, समुद्राला जातो. जे हातापायांनी करावयाचे ते राहिले, आणि ते राखण्यात बायकांचा वाटा मोठा. आरंभीच्या जहाजांत स्त्रिया फार थोड्या असत. पुढे दर जहाजात निदान इतक्या स्त्रिया असाव्यात असे नियमच सरकारला करावे लागले. ज्या गेल्या त्या उन्हातान्हात मळ्यावर राबल्या, आणि रात्री चुलीपाशी त्यांनी मुलांना जे येत होते ते दिले. बिहारकडच्या भोजपुरी बायका लग्नाआधी घरात जमून जी गाणी म्हणतात, त्या ‘गीत-गवई’ला २०१६ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. ज्यांना कोणी कधी गायिका म्हटले नाही, त्यांनी स्वयंपाकघरात म्हटलेली गाणी ती! तिकडची दालपुरीही तशीच. बिहारी बायकांच्या तव्यावरून उतरली, आणि आज सर्व जातिधर्मांची माणसे रस्त्यावर उभी राहून ती खातात. तिला मी आपल्या पुरणपोळीची नणंद म्हणते.

म्हणून मी म्हणते, पहिली गोष्ट घरातला हात. शिकवणारा हात जोवर चालतो, तोवर काही मरत नाही.

परंतु एवढ्याने भागत नाही. दुसरी गोष्ट लागते ती अंगणातली जागा. मराठी माणसे त्या बेटावर मूठभर. हिंदी-भोजपुरी बोलणारे, तमिळ, तेलुगू, मुसलमान, आफ्रिकेकडून गुलाम म्हणून आणलेल्यांची लेकरे, चिनी, फ्रेंच या सर्वांत त्यांचा आवाज तो केवढा! पण त्या देशाने गणेशचतुर्थीची सुटी सर्वांना दिली. सरकारी प्राथमिक शाळांतून मराठी हा विषय मुलांना घेता येतो. नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवर मराठीचा कार्यक्रम असतो, सरकारी नाट्यस्पर्धेत मराठी नाटकालाही वाव असतो. १९०१ साली गांधीजी आफ्रिकेहून परतताना त्या बेटावर काही दिवस थांबले होते. मुलांना शिकवा, असे त्यांनी तिथल्या आपल्या लोकांना सांगितले. ते त्या लोकांनी मनावर घेतले. दिवसभर ऊस तोडून संध्याकाळी गावच्या बैठकीत कंदिलापाशी मुले अक्षरे गिरवू लागली. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा या सर्वांना त्यात आपापला कोपरा मिळाला. म्हणून माझ्या पाहुणीला ‘तुम्ही मराठी कशा?’ असे कोणी विचारले नाही. अंगणात जागा असली म्हणजे घरातल्या हाताला बळ येते.

आता, भगिनींनो, मी माझ्या मनातल्या काट्याकडे येते. तो सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही.

पाहुण्या बाई येण्याच्या आधीची, आश्विनातली गोष्ट. आपल्या मंडळाचा भोंडला आमच्या अंगणात होता. पाटावर हत्ती काढला होता, मुली फेर धरून होत्या. फाटकापाशी एक दहा-अकरा वर्षांची मुलगी उभी राहून पाहत होती. तिचे आईबाप सुरगाण्याकडून कामाला आलेले. पलीकडच्या खळ्यावर कांदा निवडावयास आणि गोण्या भरावयास जातात. आपल्यातल्याच एका चिमुरडीने जाऊन तिचा हात धरला आणि तिला फेरात ओढू लागली. मी म्हणाले, ‘‘अगं, राहू दे तिला. तिला आपली गाणी यायची नाहीत.’’ चिमुरडीने हात सोडला. ती मुलगी हसली, मागे सरली आणि निघून गेली. मी वाईट हेतूने बोलले नव्हते. खिरापत तिच्या हातावर द्यावी असे मनात होते. पण खिरापत वाटीपर्यंत ती थांबली नाही.

त्या वेळी मला त्याचे काही वाटले नाही. पण मॉरिशसची बाई माझ्या पंगतीत बसून म्हणाली, ‘‘तुम्ही मराठी कशा, हे मला तिथे कोणी विचारले नाही,’’ तेव्हा ते फाटक माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. सोळा पायऱ्या चढून आलेल्या माणसाला जे विचारू नये, ते मी माझ्या फाटकात विचारले होते. आणि विचारले कोणाला? आपल्याच जिल्ह्यातल्या लेकराला!

दुसऱ्या दिवशी मी खळ्यावर गेले. मुलीची आई कांद्याच्या ढिगापाशी बसली होती. आधी ती बिचकली. मला वाटते, काही तक्रार घेऊन आले असे तिला वाटले असेल. मी शेजारी बसले आणि चार कांदे निवडू लागले, तेव्हा ती मोकळी झाली. घरी ती माणसे कोकणा बोली बोलतात. तो मार्गशीर्षच होता, आणि गावाकडे डोंगऱ्या देवाचा उत्सव चालला होता. पावरीच्या सुरावर तिथे रात्र रात्र नाच चालतो; आणि या खेपेला कामामुळे जाता आले नाही, म्हणून तिचा जीव तुटत होता. ‘‘पोरीला गाणी येतात का?’’ मी विचारले. आई म्हणाली, ‘‘येतात की. पण इथं म्हणत नाही. पोरं हसत्यात.’’

पोरे हसतात. आणि पोरे हसावयास कोणाकडून शिकतात, ते आपण आपल्याला विचारावे.

काही जणी म्हणतील, बाई, आपलीच गाणी आपल्या मुलींना येत नाहीत, तिथे दुसऱ्यांची कोठे घेऊन बसता? मी म्हणते, ती दोन कामे वेगळी नाहीत. आपल्या मुलीने जर विचारले की आपली गाणी का म्हणावयाची, तर त्याचे उत्तर पाठांतराने देता येत नाही. पण शेजारची मुलगी आपल्या आजीचे गाणे अभिमानाने म्हणू लागली की, आपली मुलगी आपोआप घरी येऊन विचारते, ‘आजी, आपले कोणते?’ माझ्या नातीला त्या पाहुणीने लाज आणली नाही, चेव आणला. बाई गेल्यावर तिसऱ्या दिवशी नात वही घेऊन माझ्याजवळ बसली आणि आरती लिहून घेतली. दूर्वांचे कारणही आम्ही दोघींनी मिळून जाणत्यांना विचारले. एकाने एक सांगितले, दुसऱ्याने दुसरे. ती दोन्ही उत्तरे आम्ही मॉरिशसला पत्राने कळविली आहेत. त्यांनी हवे ते घ्यावे.

तेव्हा या वर्धापनदिनी माझ्या तीन विनंत्या आहेत. पैशाच्या नाहीत, घाबरू नका.

पहिली. आपल्या मंडळात सत्तरी ओलांडलेल्या ज्या जणी आहेत, त्यांच्या जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, पाळणे आणि सणावारांचे पदार्थ एका वहीत उतरून घ्यावेत. लिहिताना ‘असे करावे’ एवढेच लिहू नये. ‘का करावे’ हेही विचारून लिहावे. कारण ठाऊक नसेल तर जागा कोरी सोडावी. कोरी जागा पाहून पुढची एखादी शोध घेईल.

दुसरी. ज्यांची मुले-नातवंडे परदेशी आहेत, त्यांनी सुटीत आलेल्या नातवाला ‘मराठी येत नाही का रे तुला?’ म्हणून चारचौघांत लाजवू नये. त्याच्या हातात पोळपाट द्यावा, एक मोदक वळू द्यावा. वाकडा झाला तरी तो त्याचा मोदक आहे. हात आधी शिकतो. तोंड मागाहून बोलते.

तिसरी, आणि ही मला सर्वांत मोठी वाटते. येत्या आश्विनात आपल्या भोंडल्याला खळ्यावरच्या मुलींना मानाने बोलवावे. आपली गाणी झाली की शेवटचा फेर त्यांच्या गाण्यांचा असावा, आणि तो आपण त्यांच्यामागून म्हणावा. आपल्याला शब्द येणार नाहीत, येऊ नयेत. न येणाऱ्या गाण्यात उभे राहणे म्हणजे काय असते, ते एकदा आपल्यालाही कळू दे. आमचे अंगण त्यासाठी मोकळे आहे, आणि फाटकापाशी मी स्वतः उभी राहीन. मागच्या वेळी ज्या तोंडाने तिला परत पाठविले, त्याच तोंडाने या वेळी ‘ये’ म्हणावयाचे आहे.

ती मुलगी येईल की नाही, मला ठाऊक नाही. हंगाम संपला की ही माणसे गावी जातात, आणि पुढल्या वर्षी त्याच खळ्यावर येतील असे नसते. ती नाही आली, तर दुसरी कोणी येईल. मॉरिशसच्या बाईंना तीन गावांपैकी त्यांचे कोणते, हेही अजून कळलेले नाही. मागल्या पत्रात त्यांनी लिहिले आहे की, तिन्ही ठिकाणची चिमूट चिमूट माती त्यांनी एकाच तुळशीत घातली, आणि तुळस बरी चालली आहे.

बराच वेळ घेतला. मुले पेंगुळली आहेत, चहाही निवत असेल.